नागपुरात इतिहासाची पदवी: अभ्यास कसा करावा आणि पुढची वाट कशी निवडावी

बारावीनंतर इतिहास घेऊन बी.ए. करायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा, आणि तो रास्तच आहे. नुसत्या पदवीवर या विषयातली नोकरी सहसा मिळत नाही. तिच्या जोडीला एखादी लिपी, एखादी भाषा किंवा एखाद्या परीक्षेची तयारी लागते आणि तिला पहिल्या वर्षापासूनच हात घालावा लागतो.

विषय निवडताना इतिहासासोबत राज्यशास्त्र घेण्याची रीत आहे. प्राचीन काळाची ओढ असेल तर मात्र संस्कृत किंवा पाली घ्यावे, कारण मूळ लेख वाचता येत नसतील तर पुढे पुरातत्त्वात किंवा अभिलेखांच्या अभ्यासात आपण कायम दुसऱ्याच्या भाषांतरावर अवलंबून राहतो.

वर्गात बसून टिपणे उतरवण्यापेक्षा एका घटनेच्या मागे लागणे अधिक शिकवून जाते. उदाहरणार्थ, ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, एवढे एका ओळीत पाठ्यपुस्तकात संपते. तुम्ही मात्र विचारा, की दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई आणि राण्यांनी दत्तकाचा हक्क कोणत्या शब्दांत मांडला, कंपनीने तो कोणत्या कारणाने नाकारला आणि राजवाड्यातल्या जडजवाहिराचे पुढे काय झाले. या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना इंग्रजी पत्रव्यवहार, मराठी कागद आणि नंतरच्या लेखकांची मते यांत कुठे मेळ बसत नाही हे दिसू लागते, आणि इतिहासकाराचे काम तिथूनच सुरू होते.

अशा कामासाठी नागपूरसारखे गाव शोधून सापडणार नाही. मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. जुने सरकारी कागद जपणाऱ्या राज्य पुराभिलेख विभागाचे कार्यालय शहरात आहे. विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून काम करत आहे. काटोल मार्गावरील जुनापाणीची शिळावर्तुळे, रामटेक, मनसर आणि वाकाटकांच्या नंदिवर्धनाशी जोडले जाणारे नगरधन एकेका दिवसात पाहून होते. तिथे जाताना वही आणि मोजपट्टी न्यावी, जागेचा कच्चा आराखडा काढावा आणि त्याच रात्री दोन पाने लिहावीत. खापराचा तुकडासुद्धा उचलू नये. जागेवरून हललेली वस्तू आपली निम्मी साक्ष गमावते.

मोडी, म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहिले जात ती लिपी, हिच्याबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पण घाईने लिहिलेला कागद सरळ वाचता यायला महिनोन्महिने सराव लागतो, म्हणून रोज एक पान वाचायची सवय लावावी. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे हे सर्वांना दिसले. जमिनीच्या जुन्या कागदांसाठीही ती गरज कायम आहे.

आता वाटा. शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ए. करून नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. पुरातत्त्वाकडे वळणाऱ्यांसाठी विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग इथेच आहे, ज्याने १९६९-७० मध्ये पवनीच्या उत्खननात भाग घेतला. पुण्याचे डेक्कन कॉलेज हा दुसरा पर्याय. या क्षेत्रात जागा थोड्या निघतात आणि उन्हातान्हात काम करावे लागते, हे आधीच मनाशी पक्के करावे. अभिलेखागारातल्या कामासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. वकिलीकडे जाणाऱ्यांना पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो, आणि साक्ष तपासण्याची सवय तिथेही कामी येते.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेता येतो; त्याच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या असतात. तरीही केवळ या परीक्षेसाठी इतिहास घेणाऱ्याने दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दुसरी वाटही ठरवावी, तिच्या प्रवेशाच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि तिसऱ्या वर्षात दोन्ही तयाऱ्या सोबत चालवाव्यात.