ट्रायलचा पेपर हातात आला की

आमच्या जर्नल क्लबला, म्हणजे शोधनिबंध एकत्र वाचायच्या बैठकीला, पीजीची मुलं थेट निष्कर्षावर उडी मारतात. मी आधी सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या रजिस्ट्रीतला, क्रमांक शोधायला लावते. रजिस्ट्रीत तो टाका आणि दोन तारखा ताडून बघा: नोंदणीची आणि पहिला रुग्ण घेतल्याची. 1 एप्रिल 2018 पासून सीटीआरआय फक्त रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करतं. मग मुख्य निष्पत्ती बघा, म्हणजे उपचाराचा गुण ज्या मोजमापावर ठरवायचा ते. नोंदीत ‘सहा महिन्यांनंतरची वेदना’ आणि पेपरात ‘सहा आठवड्यांनंतरची’ असेल, तर बदलाचं कारण पेपरातच दिलेलं हवं. नसेल, तर माझा भरवसा तिथेच उडतो.

‘रँडमाइज्ड’, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेले, या शब्दावर भाळू नका. कोण कुठल्या गटात जाणार ही यादी कुणी केली, ती रुग्ण घेणाऱ्यापासून कशी लपवली? ओपीडीच्या सम-विषम नंबरांवर गट पाडले असतील, तर ते रँडम नव्हेच.

आता कॅल्क्युलेटर काढा. समजा, रुग्ण 25, वेदनेचा स्कोअर 0 ते 10 पूर्णांकांत, सरासरी छापलीय 4.37. 25 ने गुणा: 109.25. पूर्णांकांची बेरीज अशी येईलच कशी? 109 ला 4.36, 110 ला 4.40, मधलं काही शक्यच नाही. याला ग्रिम चाचणी म्हणतात. छपाईची चूक असू शकते, एखाद्याचा स्कोअर नोंदायचा राहिलेला असू शकतो. म्हणून लगेच बोंब मारू नका, लेखकांना मेल टाका.

‘मागितल्यास डेटा देऊ’ असं लिहिलेलं असतंच. मग मागाच.