ताप उतरला, फुफ्फुस अजून सावरतंय : पुढचे सहा आठवडे कसे काढावेत

फ्लू किंवा कोविडच्या न्यूमोनियातून माणूस उठतो, ताप जातो, तरी दहा पायऱ्या चढल्या की धाप लागते. त्यामागचं एक कारण पेशींच्या आत आहे. विषाणूशी झुंजताना वायुकोशांच्या अस्तरातल्या काही पेशींना इतका ताण बसतो की त्यांचं विभाजन कायमचं थांबतं. त्या मरत नाहीत, अकाली म्हाताऱ्या होतात. आणि गप्प बसत नाहीत: आयएल-६, आयएल-८ यांसारखी दाह पेटवणारी प्रथिनं सोडत राहतात, त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशीही म्हाताऱ्या होऊ शकतात. विषाणू गेला तरी दाह रेंगाळतो तो असा. साठी ओलांडलेल्यांत अशा पेशींचा निचरा मुळातच संथ असतो, म्हणून त्यांना जास्त जपायचं.

रोज ठरलेल्या वेळी ऑक्सिजन मोजा. नेलपॉलिश काढा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा. पाच मिनिटं शांत बसून मधल्या बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत, निदान मिनिटभर, हात हलवू नका. लावल्या लावल्या दिसणारा आकडा बहुतेकदा चुकीचा असतो. घाबरगुंडी उडते ती त्यानेच. वहीत तारीख, वेळ, आकडा लिहा.

बसल्या जागी ९४ किंवा जास्त असेल तरच चालून बघा. सपाट फरशीवर, जिना नको, ६ मिनिटं. साठीपुढच्यांना ३ पुरेत. दमा असेल तर ही चाचणी करू नका. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला, ३ पेक्षा जास्त उतरला किंवा दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बोलताना वाक्य तुटणं, यात तर चाचणीचीही वाट पाहू नका.

श्वासाचा व्यायाम सोपा आहे. नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्या, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत सोडा. जोर लावून फुंकलं की चक्कर येते. हवा आपसूक जाऊ द्या. चालणं हळूहळू वाढवा. आज केलेल्याचा थकवा उद्याही उरला, तर ते जास्त झालं, कमी करा.

घरात विडी-सिगारेट बंद. डासांची कॉइल, धूप आणि चुलीचा धूरही आजाऱ्याच्या खोलीत नको, कारण धुरानेही याच पेशी म्हाताऱ्या होतात.

म्हाताऱ्या पेशी मारणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. २०२१ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी कोविड झालेल्या हॅमस्टर आणि उंदरांमध्ये अशा औषधांनी फुफ्फुसाचा आजार कमी होताना दाखवला, ही खरोखर आशेची बाब आहे. पण त्यातल्याच नॅव्हिटोक्लॅक्सने माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट्स घटतात. उरलेलं स्टेरॉइडही स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, आणि मध्येच तोडूही नका.

सहा ते बारा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढायचा का, हे डॉक्टरांना विचारा. पन्नाशीपुढच्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी तर नक्कीच. जाताना ती वही न्या, आणि दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लस (ही दरवर्षी लागत नाही) कधी घ्यायची हेही तेव्हाच ठरवून घ्या.