ब्लॅक पुडिंगला लोखंडाने मारताना आधी हे वाचा

नेटहॅक ह्या अक्षरांनी दाखवलेल्या तळघराच्या गेममध्ये थोडं खोल गेलात की कधीतरी एक कॅपिटल पी अक्षर हळूहळू तुमच्याकडे सरकताना दिसतं, म्हणजे पुडिंग, चिकट लगद्यासारखा राक्षस. रंग काळा, पण बऱ्याच टर्मिनलवर काळा रंग निळा दिसतो त्यामुळे नवीन माणसाला कळतच नाही काय आहे ते. सेमीकोलन दाबून त्यावर कर्सर न्या आणि नाव बघा. ब्राऊन पुडिंग असेल तर फार टेन्शन नाही. ब्लॅक पुडिंग असेल तर हातातलं हत्यार काय आहे ते आधी बघा, मग पुढची की दाबा. ह्या एका सवयीने माझे कितीतरी गेम वाचलेत, आणि ही सवय नव्हती तेव्हा माझं एक चांगलं सामुराई पात्र मेलं, त्याचंच आधी सांगतो.

सिंक दिसलं की लाथ मारायची, अंगठी मिळेल म्हणून, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कंट्रोल डी दाबून लाथ घातली तर ड्रेनमधून काळा चिकट लगदा वर आला, म्हणजे ब्लॅक पुडिंग. हातात कटाना होती, अंगात स्प्लिंट मेल, हिट पॉइंट (म्हणजे उरलेला जीव) बऱ्यापैकी, म्हणून सरळ मारायला सुरुवात केली. पहिल्या वाराला मेसेज आला की मारल्यावर पुडिंगचे दोन तुकडे झाले, आणि मी तो नीट वाचलाच नाही, मारतच राहिलो. चार झाले, मग सहा, कटाना आधी कोरोडेड, म्हणजे आम्लाने खाल्लेली, मग व्हेरी कोरोडेड, आणि मी खोलीच्या मधोमध उभा, तीन बाजूंनी चावे. प्रार्थना थोड्या वेळापूर्वीच करून झाली होती. संपलं सगळं.

त्यानंतर बसून नीट समजून घेतलं की हा प्राणी चालतो कसा. ते एकदा कळलं की भीती जाते.

पहिली गोष्ट, तुकडे कधी होतात. तुम्ही हातात धरलेल्या लोखंडी हत्याराने मारलं, वार लागला, आणि वारानंतर त्याच्यात एकपेक्षा जास्त हिट पॉइंट उरले, तरच तो दुभंगतो. लाकडाने, चांदीने, हाडाने, नुसत्या हाताने मारलं तर दुभंगत नाही. फेकलेल्या खंजिराने किंवा धनुष्यातून सोडलेल्या बाणानेही दुभंगत नाही, खंजीर लोखंडी असला तरी. मंत्राने तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि लोक ती विसरतात. दुभंगताना त्याचे हिट पॉइंट वाढत नाहीत, वाटले जातात. समजा त्याच्याकडे 45 आहेत, लेव्हल 10 चा प्राणी म्हणजे सरासरी एवढेच असतात. तुम्ही 10 चा वार केला, 35 उरले, तर आता एक 18 चा आणि एक 17 चा. एकूण 35 च. म्हणजे मारायचं काम तेवढंच राहिलं, फक्त तोंडं दोन झाली. आणि प्रत्येक तोंडाचा चावा 3 डी 8, म्हणजे 8 बाजूंचे 3 फासे, 3 ते 24, सरासरी साडेतेरा. लहान तुकड्याचा चावा लहान असेल असं वाटतं ना, तसं नाहीये, 2 हिट पॉइंट उरलेला तुकडासुद्धा पूर्ण जोरात चावतो. मेख इथे आहे. तुम्हाला किती तोंडं एकावेळी चावू शकतात हे सांभाळलं की लढाई तुमची.

चिलखत चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. राक्षसाचा हल्ला लागायचा हिशोब असा की 10 अधिक त्याची लेव्हल अधिक तुमचा एसी (आर्मर क्लास, जितका कमी तितकं चिलखत चांगलं), आणि 20 बाजूंच्या फाशात ह्याच्यापेक्षा कमी पडलं की लागला. लेव्हल 10 आणि एसी शून्य धरलात तर 20 मधून 19 वेळा चावा लागतो. एसी उणेमध्ये बराच खाली गेल्याशिवाय फरक जाणवत नाही. वर प्रत्येक चाव्याला चिलखताचा एखादा लोखंडी किंवा तांब्याचा भाग कोरोड व्हायची शक्यता असतेच. सामुराईचं स्प्लिंट मेल लोखंडी, म्हणजे तिथेही नुकसान. मिथ्रिलचं चिलखत असेल तर ते कोरोड होत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हत्यार. तो चावत नसला तरी तुम्ही त्याला लोखंडी हत्याराने मारलंत की त्याच्या अंगातलं आम्ल ते हत्यार खातं. कोरोडेड, व्हेरी कोरोडेड, थरोली कोरोडेड अशा तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला डॅमेज एकाने कमी. फेकलेले लोखंडी खंजीरही खाल्ले जातात. लाथ मारलीत तर बूट. चांदी, लाकूड, हाड, मिथ्रिल ह्यांना काही होत नाही.

मग मारायचं कशाने. गेम तुम्हाला हत्यार कशाचं आहे ते सरळ सांगत नाही, म्हणून पाठ करून ठेवा. क्वार्टरस्टाफ आणि क्लब लाकडी. एल्व्हन खंजीर, एल्व्हन भाला, एल्व्हन ब्रॉडसोर्ड हे सगळं लाकडी, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं आणि ते एल्व्हन खंजीर तिथेच टाकून पुढे जातात. सिल्व्हर सेबर चांदीची, म्हणून ग्रेस्वॉन्डिर ही खास सेबर ज्याच्याकडे आहे त्याला ह्या लेखाची गरज नाही, त्याने सरळ मारावं. क्रिसनाइफ हाडाचा. उरलेल्या नेहमीच्या गोष्टी, लाँग सोर्ड, कटाना, मेस, वॉर हॅमर, कुऱ्हाड, ड्वार्व्हिश मॅटॉक, सगळं लोखंड.

सामुराईसाठी उत्तर त्याच्या पिशवीत सुरुवातीपासूनच असतं आणि मला ते तेव्हा सुचलं नाही ह्याचं अजून वाईट वाटतं. युमी (धनुष्य) हातात घ्या, ‘या’ नावाचे बाण क्विव्हरमध्ये, म्हणजे भात्यात, ठेवा, आणि एफ दाबून सोडत राहा. हे बाण लोखंडाचे नाहीत, दुसऱ्या धातूचे आहेत, ते कोरोडही होत नाहीत आणि पुडिंग दुभंगतही नाही. पुडिंग तुमच्यापेक्षा हळू आहे, माणसाचा साधा स्पीड 12, त्याचा त्याहून कमी, आणि सामुराई तर मुळातच फास्ट. सोडा, मागे सरका, परत सोडा. फक्त एक बघा, सामान जास्त भरून बर्डन्ड झालेले असाल तर तुमचा वेग पाऊणवर येतो आणि हा फायदा कमी होतो, तेव्हा आधी जड वस्तू खाली टाका.

विझार्डला तर सगळ्यात सोपं. फोर्स बोल्ट, 5 पॉवर, 2 डी 12, सरासरी 13. चार-पाच मंत्रात मोकळं. पॉवर संपली तर पळा, थांबा, परत या. पुजारी मेस घेऊन असतो आणि मेस लोखंडी, तेव्हा पुजाऱ्याने हत्यार बदलल्याशिवाय जवळ जाऊ नये. मंक नुसत्या हाताने मारतो, त्याला दुभंगायची चिंता नाही, पण चावे तेवढेच खावे लागतात.

वाल्किरीचं काय, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, कारण बहुतेक जण वाल्किरीच घेतात. लाँग सोर्ड कारंज्यात बुडवून एक्सकॅलिबर केली असेल तर ती कोरोड होतच नाही, पण लोखंडीच आहे, म्हणून पुडिंग दुभंगतो. इथे माझं मत सरळ आहे, एक्सकॅलिबर असेल तर बदलत बसू नका, जागा बदला. मोठ्या प्राण्यावर लाँग सोर्ड डी 12 आणि एक्सकॅलिबरचा वरचा डी 10, म्हणजे सरासरी 12 च्या आसपास एका वाराला, वर एन्चांटमेंट. 45 हिट पॉइंट म्हणजे पाच-सहा वार, तुकडे धरून. हे पाच-सहा वार जर पुडिंगला दाराच्या चौकटीत येऊ देऊन, आपण चौकटीबाहेर लगेच बोळात उभं राहून केलेत तर एकावेळी एकच तोंड समोर येतं. दार असलेल्या चौकटीतून तिरकं कुणाला सरकता येत नाही, हा नियम तुमच्या बाजूने आहे. नुसता बोळ पण चालतो, पण बोळात एक धोका आहे. नवा तुकडा पुडिंगच्या जवळची रिकामी जागा शोधून तिथे पडतो. पहिला तुकडा त्याच्या मागे पडेल, पण ती जागा भरली की पुढचा तुकडा तुमच्या मागेही पडू शकतो, आणि मग दोन्हीकडून अडकलात. म्हणून बोळात मारताना दोन तुकडे झाले की दोन-चार पावलं मागे या, त्यांना सुटं होऊ द्या, जो आधी पोचेल त्याला मारा.

आणि दार बंद करून वाचू असं अजिबात समजू नका. पुडिंगला आकार नाही, ते बंद दाराच्या फटीखालून वाहत येतं. जिना मात्र उपयोगी आहे, पण जिन्यावर चढताना जे जे तुमच्या शेजारच्या चौकोनात असेल ते सोबत वर येतं. म्हणजे तीन तुकडे चिकटलेले असताना जिना घेतलात तर तिघं वर. एखादाच शेजारी उरेपर्यंत फिरा, मग जिना घ्या, वर एकट्याला संपवा, परत खाली. मला ही पद्धत फार आवडते, शांतपणे काम होतं.

छड्यांपैकी आग चालते, 6 डी 6, सरासरी 21, आणि एका रांगेत उभे असलेले सगळे तुकडे एकदम भाजतात. झोपेची छडी चालते. मॅजिक मिसाइल चालते. थंडी आणि वीज वाया घालवू नका, दोन्हींचा त्याच्यावर परिणाम नाही, विषाचाही नाही, आणि कॉकाट्रिस ह्या, स्पर्शाने दगड करणाऱ्या राक्षसाच्या मढ्याने दगड पण होत नाही. फ्रॉस्ट ब्रँड (थंडीची तलवार) आणि म्योल्निर (विजेचा हातोडा) वाल्यांनी हे लक्षात ठेवा, तुमच्या तलवारीची किंवा हातोड्याची खास ताकद इथे लागू होत नाही आणि दोन्ही लोखंडीच. फायर ब्रँड मात्र पूर्ण चालते. कॅन्सलेशनची छडी मारली तर पुडिंग दुभंगतही नाही आणि हत्यारही खात नाही, पण ती छडी इतकी मौल्यवान आहे की पुडिंगवर खर्च करणं मला पटत नाही. जेनोसाइडच्या, म्हणजे राक्षसाची एक जातच संपवणाऱ्या स्क्रोलचं पण तेच, ते लिच ह्या धोकादायक जादूगार राक्षसांसाठी ठेवा.

फारच अडचणीत आलात तर जमिनीवर एल्बेरेथ हा राक्षसांना घाबरवणारा शब्द लिहा, पुडिंग त्याला मानतं. गेमच्या 3.6 आवृत्तीपासून त्यावर उभं राहून तुम्ही हल्ला केलात की अक्षरं पुसली जातात, तेव्हा ते दम खायला आणि विचार करायला वापरा, मारायला नाही. आणि हिट पॉइंट एक सप्तमांशाच्या खाली गेले आणि बऱ्याच दिवसात प्रार्थना केली नसेल तर सरळ प्रार्थना करा, लाजू नका.

जुने खेळाडू तुम्हाला सांगतील की पुडिंग मारू नका, पाळा. 3.4.3 च्या काळात हे खरंच चालायचं, लोखंडी हत्याराने मुद्दाम तुकडे करत राहायचे, प्रत्येक मेलेल्या पुडिंगमागे काहीतरी वस्तू पडायची शक्यता, आणि मढी वेदीवर अर्पण करायची. तासन्‌तास तेच. 2015 च्या डिसेंबरमध्ये 3.6.0 आलं आणि त्यात पुडिंगचं मढं पडायचं बंद झालं, त्याजागी चिकट गोळा पडतो, शेजारी शेजारी पडले तर एकमेकांत मिसळतो, आणि वस्तू पडणंही बंद. मला हा बदल मनापासून आवडला. ती शेती म्हणजे खेळणं नव्हतं, हमाली होती, आणि जो नवीन माणूस जुनी माहिती वाचून आज तसं करायला जातो तो फक्त आपलं हत्यार खराब करून घेतो.

ब्राऊन पुडिंगबद्दल थोडक्यात. तेही लोखंडाने दुभंगतं, पण त्याचा चावा हिट पॉइंट घेत नाही, फक्त चामड्याचं वगैरे चिलखत कुजवतो, आणि हत्यारही खात नाही. लेदर आर्मर काढून ठेवा आणि मारा.

आता हत्यार आधीच खराब झालं असेल तर. एन्चांट वेपनचं स्क्रोल साधं वाचून कोरोजन जात नाही, पण गोंधळलेल्या अवस्थेत, म्हणजे कन्फ्यूज्ड असताना तेच स्क्रोल वाचलं तर हातातलं हत्यार नव्यासारखं होतं आणि सोनेरी झळाळी येऊन पुढे कधीच कोरोड होत नाही. स्क्रोल कर्स्ड (शापित) नसावं, नाहीतर ते कायमचं संरक्षण मिळत नाही, असलेलंही जातं. चिलखतासाठी एन्चांट आर्मरने असंच. कन्फ्यूज व्हायला वटवाघळाचं मढं खाणं सोडा, त्याने नुसतं स्टन व्हायला होतं, त्यापेक्षा बूझ (दारूचं पोशन) प्या किंवा कन्फ्यूजनचं पोशन साठवून ठेवा. मी आता प्रत्येक गेममध्ये एक एन्चांट वेपन आणि एक बूझ बाजूला काढून ठेवतो, आणि कटाना सिंकच्या आसपास म्यानातच असते, हातात युमी.