अस्वलाच्या कानांची क्रोशे टोपी: कान शिवण्याआधी

मध्यम जाडीची लोकर आणि 5 मिमीची सुई घ्या. कडीत (धाग्याच्या गोल फासात) 12 खांब (उंच टाके) घालून सुरुवात करा आणि दर फेरीला 12 वाढवत 72 पर्यंत जा. पण टाके मोजून थांबू नका, माथ्याच्या चकतीची रुंदी मोजा. डोक्याच्या घेरातून 5 सेंमी वजा करून 3.14 ने भागा. 56 सेंमीच्या डोक्याला साधारण 16 सेंमी पुरते. चकतीला झालर पडली तर वाढ जास्त झाली आहे. वाटीसारखी वळली तर कमी. पुढे वाढ न करता विणा, माथ्यापासून कडेपर्यंत 20 सेंमी.

खरी गडबड कानांत होते. एकपदरी कान हमखास लोळतो. मुक्या खांबांच्या (बुटक्या टाक्यांच्या) 6, 12, 18, 24 अशा फेऱ्यांची चकती करा, अर्धी दुमडून कडा शिवा. कापूस नको, कान फुगीर दिसतात. शेवटी 25 सेंमी धागा सोडा.

टोपी सपाट ठेवून कान लावले की घातल्यावर ते बाजूला सरकतात, कारण वीण ताणली जाते. म्हणून ती फुगवलेल्या फुग्यावर चढवा (टाचण्या मात्र नकोत, वेगळ्या रंगाच्या धाग्याने खूण करा). फेरीचा जोड मागे ठेवा आणि दोन्ही कान त्यापासून सारख्याच टाक्यांवर घ्या.