घरात मानसिक आजार असेल तर हे कागद बऱ्या दिवसांतच करून ठेवा

पेशंटला दवाखान्यात दाखल करायची वेळ येते तेव्हा घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून कायद्याची कामं माणूस बरा असतानाच उरकायची. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही साताऱ्याचे. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत बाकावर जी कुटुंबं भेटतात त्यांनाही मी हेच सांगते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याआधी १९८७ चा कायदा होता. त्यात रुग्णाला स्वतःच्या उपचारांबद्दल आधीच काही लिहून ठेवायची सोय नव्हती. आता ती आहे, आणि या कागदांनी आमच्या घरातली भीती खरोखर कमी केली आहे.

सुरुवात नामनिर्देशित प्रतिनिधीपासून करा, म्हणजे रुग्णाला स्वतःला ठरवता येत नसेल तेव्हा उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस. साधा कोरा कागद चालतो, स्टॅम्प पेपरची गरज नाही. रुग्णाने लिहायचं: मी अमुक, राहणार अमुक, मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ नुसार अमुक यांना माझा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो. खाली सही किंवा अंगठा. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्यानेही संमती लिहून द्यायला हवी. तो नात्यातलाच असला पाहिजे असं नाही, आणि रुग्ण त्याला केव्हाही बदलू शकतो. माणूस रुग्णालाच निवडू द्या. भावाने थोरल्या दादाला सोडून माझं नाव लिहिलं तेव्हा दादाला वाईट वाटलं. पण भाऊ बिथरतो तेव्हा दादाचा आवाज चढतो, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. चारचौघांत कोण मोठं, हा इथे प्रश्नच नाही. घाबरलेला माणूस कुणाचं ऐकतो तेवढंच बघा.

दुसरा कागद आगाऊ निर्देशाचा, कलम ५ चा. पुढे आजार वाढून स्वतःला निर्णय घेता आला नाही तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे यात लिहायचं. याला मात्र घाई करू नका. आम्ही जेवणं झाल्यावर रोज थोडं थोडं लिहिलं. भावाने लिहिलेलं असं: ‘हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनने माझी मान आखडते, दुसरं औषध द्या. मला बांधू नका. दाखल केल्यावर ताईला रोज भेटू द्या. कामावर कळवू नका.’ हे वाचून मी किती तरी वेळ गप्प बसले होते. इतकी वर्षं मान आखडल्याचं तो सांगत होता आणि आम्ही ते आजारातलंच बोलणं समजत होतो.

यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे रुग्णांच्या हक्कांसाठी याच कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे होते, तिला फी नाही. तुमचा जिल्हा कोणत्या मंडळाकडे येतो ते सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारा. तिथे कुणाला सांगता आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मानसिक रुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांच्या हातात प्रत दिलीच नसेल तर आगाऊ निर्देश पाळला नाही म्हणून त्यांना जबाबदार धरता येत नाही. प्रत पोचवणं हे आपलं काम. एक प्रत केसपेपरच्या फाईलला, एक प्रतिनिधीकडे, आणि फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आणीबाणीच्या उपचारांना हा निर्देश लागू होत नाही आणि डॉक्टर तो बदलून घ्यायला मंडळाकडे जाऊ शकतात, हेही रुग्णाला आधीच सांगा. नाहीतर पुढे त्याला फसवल्यासारखं वाटतं.

दाखल होताना कोणत्या कलमाखाली दाखल करताय ते विचारा. रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल झाला असेल तर तो डिस्चार्ज मागू शकतो. डॉक्टरांना काळजी वाटली तर ते तपासणीसाठी त्याला २४ तासांपर्यंत थांबवू शकतात. प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल केलं असेल तर ते कलम ८९, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि रुग्णालयाने मंडळाला कळवावं लागतं. साखळीने बांधायला कलम ९५ ने पूर्ण बंदी आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळू न शकल्यामुळे गेले. कुठेही साखळी दिसली तर गप्प बसू नका, मंडळाला लेखी कळवा.

भाऊ आता झोप उडाली की स्वतःच म्हणतो, ‘ताई, चल, डॉक्टरांना दाखवू.’ पूर्वी दवाखान्याचं नाव काढलं की तो घरातून निघून जायचा. औषधांचा वाटा यात मोठा आहेच. पण आपण लिहिलेलं तिथे वाचलं जाईल, या भरवशाचाही आहे असं मला ठाम वाटतं.

कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तसं राहिलेलं नाही. पोलीस जबाब घ्यायला येतील, शांतपणे द्या. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात.

विम्याचं थोडक्यात. शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा मिळतो, त्याच अटींवर मानसिक आजारालाही द्यायचा, असं कलम २१(४) सांगतं. फॉर्मवर आजार लपवू नका. आम्ही लपवला नव्हता, तरी ‘मानसिक आजार वगळलेला’ असं उत्तर आलं. अशा वेळी कलमाचा उल्लेख करून कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला पैसे लागत नाहीत.

शेवटचं काम अपंगत्व प्रमाणपत्राचं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या संकेतस्थळावर अर्ज करून सिव्हिलला तपासणीला जायचं. डिस्चार्ज कार्डं आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींवर गुण देतात. त्या दिवशी रुग्णाला आंघोळ घालून, नवा शर्ट घालून ‘सगळं ठीक आहे’ म्हणायला लावू नका, रोज जसं असतं तसंच सांगा. ४० टक्के किंवा जास्त निघालं तर जुन्या करपद्धतीत सांभाळणाऱ्या नातेवाइकाला आयकरात किमान ७५ हजारांची वजावट मिळते, आणि उत्पन्न फारच कमी असेल तर तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करता येते. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या दोन महिने आधीच पुन्हा अर्ज टाका.