मराठीत नोंदी टाइप करताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी ट्रेकच्या नोंदी मराठीत टाइप करायला लागले. यंदा हरिहर गडावर पुन्हा जायचं ठरलं, म्हणून कातळातल्या उभ्या पायऱ्यांबद्दल तेव्हा काय लिहिलंय ते बघायला 'पायऱ्या' असं शोधलं. काहीच मिळालं नाही. चाळत गेले तर शब्द तिथेच होता, डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारा.

घोळ त्या ऱ्यामध्ये होता. तो दोन प्रकारे टाइप होतो. एकात पूर्ण ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मधे न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी शोधताना ते वेगळे शब्द धरले जातात. माझा संगणक एक प्रकार वापरत होता, फोन दुसरा. इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड वापरत असाल तर पहिल्या प्रकारासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश, एवढंच करा. जुन्या नोंदींमधला दुसऱ्या प्रकारचा ऱ्य कॉपी करून 'शोधा आणि बदला'मध्ये टाका.

ऱ्य टाळून सरळ र्य लिहिणं तर त्याहून वाईट. कोकणकड्यावरून खोल 'दर्या' दिसतात असं मी लिहिलं होतं. दर्या म्हणजे समुद्र! मला म्हणायच्या होत्या दऱ्या.

ॲचंही तसंच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीत, या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी अ टाइप करून त्यावर चंद्र द्यावा लागे आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. 'ॲप' शोधून जुन्या पद्धतीचा शब्द सापडेलच असं नाही. एकच पद्धत ठरवा, शक्यतो स्वतंत्र ॲ.

'दुःख'मध्ये विसर्गच द्या, कोलन नको.

फोनवर भाषा मराठीच निवडली आहे ना, हे तपासा. माझ्याकडे कित्येक महिने हिंदी होती. लिपी एकच, त्यामुळे काय बिघडणार, असं वाटायचं. पण सुचवण्या हिंदी येत होत्या आणि घाईत मी त्या घेत होते. नळीच्या वाटेची 'नली' झाली. आपला ळ असा जाताना बघून मला खरंच वाईट वाटलं.

सगळ्यात पहिल्या नोंदी मात्र मी छपाईच्या कामातल्या जुन्या फाँटमध्ये केल्या होत्या. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. बहिणीला फाइल पाठवली तर तिच्या फोनवर नुसता चिन्हांचा खच! कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतं, पण नंतर ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरं ओळ न् ओळ वाचून तपासा. मूळ फाइल पुसू नका. माझ्या एका नोंदीत सगळे रफार एक अक्षर पुढे सरकले होते आणि ते मूळ फाइल शेजारी ठेवूनच सुधारता आले.

हरिहरची नोंद ज्या शब्दाने आधीच सापडली असती तो होता 'खोबणी', कारण त्यात ऱ्य नाही. आता नोंद संपली की त्यातला ऱ्य किंवा ॲ असलेला एखादा शब्द मी फोनवर आणि संगणकावर शोधून बघते.