चिकन-फरसबी परतायची तर झाकण लांब ठेवा

बुधवार आमचा सामिष वार, आणि नेमकं त्याच दिवशी मला घरी यायला आठ वाजतात. कांदा-खोबरं भाजून, वाटून रस्सा करायचा तर पानं घ्यायला दहा. म्हणून बुधवारी मी चिकन आणि भाज्या नुसत्या परततो. चिरण्यात वीस मिनिटं जातात, गॅसवर जेमतेम दहा.

तिघांना ३०० ग्रॅम बोनलेस पुरतं. मांडीचं मागा, छातीचं जरा जास्त परतलं की चोथा होतो. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलं तर घट्ट होऊन पातळ कापता येतं. मांसाचे धागे ज्या दिशेने जातात त्याच्या आडवी सुरी चालवा, बोटभर लांब पट्ट्या करा. त्यांना चहाचा एक चमचा सोया सॉस, तेवढंच कॉर्नफ्लोअर, तेवढंच तेल आणि मिरपूड चोळून ठेवा. कॉर्नफ्लोअरच्या थरामुळे आतला ओलावा टिकतो. हळद नको. आलं-लसणाचं वाटणही नको, ते तापल्या कढईत आधी करपतं.

भाज्या म्हणजे फरसबी, गाजर, सिमला मिरची, पातीचा कांदा. फरसबी तिरकी आणि बारीक, गाजराच्या काड्या, सिमला मिरची जाडसर चालेल. धुऊन पंचावर पसरा आणि खरंच कोरड्या होऊ द्या. भेंडी आपण पुसल्याशिवाय चिरत नाही ना, तोच नियम.

वाटीत दीड मोठा चमचा सोया सॉस, चहाचा एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि पाव कप पाणी कालवून ठेवा. मीठ घालू नका, सोया सॉस खारट असतो. गॅस पेटवण्याआधी हे सगळं ओट्यावर हाताशी हवं. एकदा सुरू झालं की लसूण सोलायला सवड नाही.

आता गॅस. हातगाडीवरच्या भट्टीचा जोर घरच्या बर्नरला नाही, हे धरूनच चाला. मोठ्या बर्नरवर लोखंडी कढई ठेवा, हलका धूर दिसेपर्यंत तापू द्या, मग दोन मोठे चमचे रिफाइंड तेल. (नॉनस्टिक रिकामं असं तापवू नये.) चिकन निम्मंच टाका. सगळं एकदम घातलं की कढई गार पडते, पाणी सुटतं आणि पाणी आहे तोवर तळाशी तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. खरपूस रंगाला १४० च्या आसपास लागतं. पसरून मिनिटभर हात लावू नका. खालून तांबूस झालं की उलटा, आतला गुलाबीपणा पूर्ण गेला की ताटलीत काढा. मग उरलेलं.

त्याच कढईत चमचाभर तेल, आधी फरसबी-गाजर दोन-तीन मिनिटं, मग सिमला मिरची मिनिटभर. इथे आमच्या घरात हमखास आवाज येतो: ‘अरे, एक वाफ काढ.’ आईचं चूक नाही, आपल्या निम्म्या भाज्या वाफेवरच होतात. पण इथे झाकण ठेवलंत की वाफेचं पाणी परत कढईत पडतं, मिरचीचा रंग उतरतो आणि समोर येते ती भाजी, परतलेलं नव्हे. फरसबी कच्ची वाटली तर पुढच्या वेळी आणखी बारीक चिरा.

मध्ये जागा करून बारीक चिरलेला लसूण आणि आलं अर्धा मिनिट परता. चिकन परत घाला. वाटीतलं मिश्रण तळापासून ढवळून ओता, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं. मिनिटभरात चकाकी येते. पात घालून गॅस बंद. सोबत गरम भात.

मटण असं होत नाही, एवढ्या वेळात ते शिजणारच नाही. बदल हवा तर सोललेली कोळंबी घ्या. ती पुसून टाका आणि वळली की लगेच काढा.